खलाशांची आवई आणि शास्त्रज्ञांचा तापमापक

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, ज्या काळी अमेरिकेच्या युद्धनौकांवर रडार नावाचे नवे यंत्र भराभर चढविले जात होते, त्या काळी त्या नौकांवरील खलाशांत एक आवई पसरली होती. अंधारातून आणि धुक्यातून शत्रूच्या गलबताचा माग काढणाऱ्या त्या यंत्राच्या तोंडासमोर जो मनुष्य फार वेळ उभा राहील त्याचे केस गळतील आणि त्याला पुढे मूल होणार नाही, अशी ती आवई होती. आणि एकाला ज्या गोष्टीची भीती वाटते तीच दुसऱ्याला सोयीची वाटते हा जगाचा शिरस्ताच असल्यामुळे, बंदरात रजेवर उतरण्यापूर्वी मुद्दाम त्या यंत्रासमोर जाऊन घटकाभर उभे राहणाऱ्या चतुर खलाशांच्या कथाही त्याच तोंडांनी सांगितल्या जात. या कथांत तिखटमीठ पुष्कळ असले पाहिजे. परंतु कडाक्याच्या थंडीत रडारच्या लहरींसमोर हात धरून ते शेकून घेणारे लोक होते हे अनेकांनी सांगितलेले आहे, आणि ज्या लहरी हात शेकतात त्या शरीराच्या आणखी कोणकोणत्या भागांस शेकत असतील, हा प्रश्न सुचण्यास मनुष्य शास्त्रज्ञ असण्याची मुळीच आवश्यकता नव्हती.

या आवईत, तिच्या कर्त्यांच्या नकळत, दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली होती. वृषणग्रंथींकडे निसर्गाने दोन कामे सोपविली आहेत. त्यांतील सूक्ष्म नलिकांमध्ये शुक्राणू तयार होतात, आणि त्या नलिकांच्या मधल्या जागेत विखुरलेल्या पेशी, ज्यांचे वर्णन फ्रान्झ लायडिग या जर्मन शारीरविदाने १८५० साली केले, त्या पुरुषाचे संप्रेरक रक्तात सोडीत असतात. आवाज, दाढीमिशा, स्नायू आणि कामेच्छा यांचा कारभार या दुसऱ्या कामावर चालतो. १८४९ साली गटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड याने कोंबड्यांचे वृषण काढून ते त्यांच्याच उदरात दुसरीकडे रोवले, आणि खच्ची झालेला कोंबडा तुरा राखून पुन्हा आरवू लागल्याचे पाहिले, तेव्हाच हे पौरुष मज्जातंतूंच्या वाटेने न येता रक्ताच्या वाटेने येते हे वस्तुतः सिद्ध झाले होते. पण तो पदार्थ हाती लागण्यास १९३५ साल उजाडावे लागले. त्या साली अॅमस्टरडॅम येथे एर्न्स्ट लाक्वर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बैलांच्या वृषणांच्या प्रचंड राशीतून अवघे काही मिलिग्रॅम स्फटिक वेगळे काढले आणि त्यास टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. तेव्हा युद्धकाळात हा पदार्थ ज्ञात होता. त्याची रचना ठाऊक होती. तो कृत्रिम रीतीने बनविताही येत होता. परंतु एखाद्या खलाशाच्या दंडातून चमचाभर रक्त काढून त्यात तो किती आहे हे सांगण्याची विद्या कोणापाशीच नव्हती. वंध्यत्व निराळे आणि पौरुषहानी निराळी, हा भेद ज्या एका मोजमापाने लागला असता ते मोजमापच अस्तित्वात नव्हते, आणि पुढील तीस-पस्तीस वर्षांच्या वादाचा बराचसा गोंधळ या एका उणिवेतून उद्भवलेला आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता त्या यंत्राकडे वळू. २१ फेब्रुवारी १९४० रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघा भौतिकविदांनी पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन प्रथम चालविला. सुमारे दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी त्यापूर्वी कोणी स्वप्नातही पाहिल्या नव्हत्या अशा जोमाने त्यातून बाहेर पडल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सर हेन्री टिझर्ड यांच्या शिष्टमंडळाने तो मॅग्नेट्रॉन एका पेटीत घालून अमेरिकेस नेला, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच्यासाठी खास प्रयोगशाळा उभी राहिली. दोन-तीन वर्षांत हजारो तरुण या लहरींच्या सान्निध्यात अहोरात्र वावरू लागले. मनुष्यजातीच्या इतिहासात अशी गोष्ट पूर्वी घडलेली नव्हती.

मात्र या तरुणांची प्रकृती पाहण्याचे काम ज्या वैद्यांकडे आले त्यांच्या मनाची जडणघडण आधीच होऊन गेलेली होती. विसाव्या शतकाच्या आरंभापासून उच्च वारंवारितेच्या विद्युत्प्रवाहाचा वैद्यकात उपयोग चालू होता. फ्रान्सच्या आर्सेन दार्सोंव्हाल याने असा प्रवाह मनुष्याच्या देहातून जाऊ दिला तर झटका बसत नाही, केवळ ऊब वाटते, हे १८९० नंतरच्या दशकात दाखविले होते, आणि त्यातून डायाथर्मी नामक उपचारपद्धती जन्मास आली होती. १९२०-३० च्या दरम्यान जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधनशाळेचे प्रमुख विलिस व्हिटनी यांच्या कानी आले, की लघुलहरी प्रक्षेपकांजवळ काम करणाऱ्या माणसांना ताप भरतो. दुसरा एखादा अधिकारी असता तर त्याने त्या माणसांच्या रक्षणाची तजवीज केली असती. व्हिटनी यांना त्यात औषध दिसले, कारण उपदंशाच्या अखेरच्या अवस्थेतील वेडावर मुद्दाम ताप आणणे हाच त्या काळचा सर्वमान्य उपाय होता, आणि हिवतापाचे जंतू टोचून तो आणणाऱ्या व्हाग्नर-याउरेग यांना १९२७ चे नोबेल पारितोषिकही मिळाले होते. व्हिटनींनी ताप आणणारे यंत्र बांधले. तात्पर्य, रेडिओलहरी शरीरात शिरल्या म्हणजे उष्मा उत्पन्न करतात, आणि त्या जे काही करतात ते उष्म्यामुळे करतात, ही समजूत रडार जन्मण्यापूर्वीच वैद्यांच्या अंगवळणी पडली होती.

आरमाराने तपास केला तो या समजुतीच्या प्रकाशात. १९४३ साली डेली नामक वैद्याने वॉशिंग्टनजवळील नाविक संशोधनशाळेतील ४५ मुलकी कर्मचाऱ्यांची कैफियत प्रसिद्ध केली. डोकेदुखी आणि अंग तापल्यासारखे वाटणे या तक्रारी त्यात आढळल्या, रक्ताच्या तपासणीत काळजीचे काही आढळले नाही, आणि देहास इजा झाल्याचा पुरावा नाही असा निर्वाळा देण्यात आला. १९४५ साली वायुदलाच्या वैद्यकपत्रात रडारवाल्या माणसांच्या रक्तपेशींचा दुसरा एक अभ्यास आला आणि त्याचाही निष्कर्ष तोच निघाला. हे निर्वाळे खोटे होते असे मुळीच नाही. परंतु खलाशी ज्या गोष्टीविषयी कुजबुजत होते ती गोष्ट सोडून रक्तपेशी मोजल्या गेल्या. त्याचे कारण साधे होते: क्ष-किरणांनी आणि रेडियमने रक्तपेशी बिघडतात हे वैद्यांना माहीत होते, आणि माणूस हरवलेली वस्तू बहुधा दिव्याच्या उजेडातच शोधतो.

युद्ध संपले आणि प्रश्न पशुशाळेत गेला. १९४८ साली आयोवा विद्यापीठातील इमिग, टॉमसन आणि हाइन्स यांनी उंदरांच्या वृषणांवर बारा सेंटिमीटरच्या लहरी सोडल्या आणि त्या ऊतींचा ऱ्हास होतो असे नोंदविले. याच विद्यापीठात आणि मेयो चिकित्सालयात त्याच सुमारास सशांच्या व कुत्र्यांच्या डोळ्यांत या लहरींनी मोतीबिंदू उत्पन्न होतात असेही दिसून आले. डोळ्यातील भिंगाला रक्तपुरवठा नसल्यामुळे तेथे साठलेली उष्णता वाहून जात नाही. वृषणांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. शरीराबाहेर कोशात लोंबणाऱ्या या ग्रंथींचे तापमान देहाच्या तापमानाहून दोन ते चार अंशांनी कमी राखलेले असते, आणि तेवढे ते कमी राहिले तरच शुक्राणूंची घडण सुरळीत चालते. शिकागोच्या कार्ल मूर याने १९२० नंतरच्या दशकात प्राण्यांचे वृषणकोश उबदार आवरणात गुंडाळून आणि ग्रंथी परत उदरात ढकलून हे सिद्ध केले होते. तेव्हा लहरींनी वृषण तापले आणि शुक्राणू नष्ट झाले यात नवल ते काय, असे कोणीही म्हणेल. परंतु आयोवाच्या या तिघांनी एक काळजीपूर्वक तुलना केली होती. अवरक्त किरणांच्या साध्या उष्णतेने जेवढे तापमान गाठावे लागते त्याहून कमी तापमानातच सूक्ष्मलहरींनी अपाय केल्याचे त्यांना दिसले, आणि म्हणून केवळ उष्म्याखेरीज दुसरेही काही कारण असू शकेल अशी शंका त्यांनी नोंदवून ठेवली. ही शंका पुढे फारशी कोणी मनावर घेतली नाही.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे भाग आहे, कारण तिच्यावाचून पुढील इतिहासाची कळ सापडत नाही. उष्म्याने मरतात त्या शुक्राणू घडविणाऱ्या पेशी. लायडिगच्या पेशी त्या मानाने पुष्कळ चिवट असतात. ज्यांचे वृषण जन्मतःच उदरात अडकून राहिले आहेत असे प्राणी वांझ असतात, पण त्यांचे नरत्व बहुतांशी टिकून असते. अर्थात लहरींचा परिणाम केवळ उष्म्याचा असेल तर सौम्य मात्रेत बीज घटावे आणि संप्रेरक टिकावे. आणि बीजाबरोबर, किंवा बीजाच्याही आधी, संप्रेरक घटले तर उष्म्याबाहेर काहीतरी चालले आहे असे मानावे लागेल. कसोटी इतकी स्वच्छ होती. ती लावण्याचे साधन तेवढे नव्हते.

साधन नसले तरी सरकारी कामकाज थांबत नाही. १९५३ सालच्या आरंभी कॅलिफोर्नियातील ह्यूज विमान कंपनीचे वैद्यकीय सल्लागार जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी रडारजवळ काम करणाऱ्या लोकांत अंतर्गत रक्तस्राव, मोतीबिंदू इत्यादी विकार आढळत असल्याची इत्तला लष्कराकडे रुजू केली, आणि दफ्तरे खडबडून जागी झाली. एप्रिलमध्ये मेरिलँडमधील बेथेस्डा येथे आरमाराने परिषद भरविली. तेथे पुढे आले हेर्मान श्वान. हे जर्मन जीवभौतिकविद फ्रँकफुर्टहून युद्धानंतर अमेरिकन सरकारनेच आपल्याकडे आणलेले, आणि तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्थिर झालेले. श्वान यांचा हिशेब विद्वत्तेचा आणि तसा प्रामाणिकही होता. विश्रांतीत असलेले मानवी शरीर स्वतः किती उष्णता निर्माण करते, बाहेरून आलेली किती उष्णता ते सोसू शकते, याचे गणित मांडून, दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॉट एवढी ऊर्जा सर्व अंगावर पडली तर ताप धोक्याच्या पातळीस जाईल असे त्यांनी काढले. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता अदमासे एवढीच असते. मात्र ऊन कातडीवर थांबते आणि दहा सेंटिमीटरची लहर मांसात उतरते. या आकड्यास दहाने भागून १० मिलिवॉट ही मर्यादा सुचविली गेली, लष्कराने ती उचलली, आणि १९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकावरही तिची मोहोर उमटली. या हिशेबातला मनुष्य म्हणजे मुख्यतः पाण्याचा एक तापणारा साठा होता. त्यास ग्रंथी नव्हत्या.

मर्यादा आधी ठरली आणि तिची परीक्षा मागाहून झाली. १९५७ पासून तिन्ही सेनादलांनी मिळून वायुदलाच्या कर्नल जॉर्ज नॉफ यांच्या देखरेखीखाली एक मोठी संशोधनयोजना चालविली, आणि कुत्रे, ससे, उंदीर यांच्यावर अनेक विद्यापीठांत लहरींचा मारा झाला. त्याच योजनेत गन, गूल्ड आणि अँडरसन यांनी उंदरांच्या वृषणांची रचना आणि कार्य या दोहोंचा अभ्यास करून १९६१ साली तो प्रसिद्ध केला. त्यांपैकी गन आणि गूल्ड यांनी पूर्वीच असे दाखविले होते, की उंदराची पुरःस्थ ग्रंथी किरणोत्सर्गी जस्त किती शोषते हे टेस्टोस्टेरॉनच्या हुकमावर अवलंबून असते. म्हणजे संप्रेरक प्रत्यक्ष मोजता येत नसताना त्याच्या सावलीवरून त्याची उंची काढण्याची युक्ती त्यांच्यापाशी होती. या साऱ्या दशकात या प्रश्नाच्या गाभ्याच्या सर्वांत जवळ कोणी गेले असेल तर हेच लोक, असे मला वाटते.

आरमाराच्याच वैद्यकीय संशोधनसंस्थेतील ईली, गोल्डमन आणि हिअरन यांचे काम याहून उद्बोधक आहे, ते निराळ्या अर्थाने. त्यांनी डोळा, वृषण आणि सर्व देह यांपैकी सर्वांत नाजूक कोण हे शोधले, आणि उत्तर आले, वृषण. कुत्र्यांत किंचित अपायाची सुरुवात दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉटच्या सुमारास होते, म्हणजे सरकारी मर्यादेच्या निम्म्यावर. आता मर्यादा खाली आणावी की काय? तसे झाले नाही. हा अपाय सौम्य, तात्पुरता आणि बहुधा आपोआप भरून येणारा आहे, तेव्हा मर्यादेचा पाया म्हणून तो धरण्याचे कारण नाही, असा विचार प्रबळ ठरला. कढत पाण्याच्या स्नानानेही पुरुषाचे बीज काही काळ घटते हे खरेच आहे, आणि स्नानगृहांवर कोणी बंदी घालीत नाही हेही खरे. तरीपण ज्या अवयवाविषयी खलाशांनी पंधरा वर्षांपूर्वी कुजबूज केली होती, त्याच अवयवाचे नाव प्रयोगशाळेने सर्वांत नाजूक म्हणून घेतले, आणि कागद दप्तरबंद झाला, ही गोष्ट इतिहासकाराने सहज सोडून देण्याजोगी नाही.

दरम्यान मॉस्कोत हाच प्रश्न अगदी वेगळ्या दाराने आत शिरला होता. तेथील श्रम-आरोग्य आणि व्यवसायजन्य रोग संस्थेत झिनाइदा गोर्डन यांच्या प्रयोगशाळेने १९४८ पासून कारखान्यांतील आणि रडारखात्यांतील माणसांची वर्षानुवर्षे पाहणी चालविली. श्वान यांनी जेथे गणिताने आरंभ केला तेथे या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्याच्या तक्रारीने आरंभ केला. डोके दुखते, थकवा येतो, झोप लागत नाही, चिडचिड होते, कामेच्छा मंदावते. या तक्रारींचा मिळून एक लक्षणसमूह बांधला गेला, आणि सोव्हिएट वैद्यकात त्याला रेडिओलहरींचा आजार म्हणून मान्यता मिळाली. १९५० चे दशक संपण्यापूर्वीच सोव्हिएट सरकारने कामगारांसाठी जी मर्यादा अंमलात आणली ती पूर्ण कामाच्या दिवसास दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोवॉट एवढी होती. आकडा तोच, १०. परंतु मिलिवॉटच्या जागी मायक्रोवॉट आल्यामुळे ती अमेरिकन मर्यादेच्या एक सहस्रांश झाली. एकाच मानवी देहाविषयी दोन महासत्तांनी हजारपटींच्या अंतराने हुकूम काढावेत, असा योग विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच आला असेल.

अमेरिकन शास्त्रज्ञांनी या सोव्हिएट कामाची जी उपेक्षा केली तिला आधार नव्हता असे नाही. कामगारांना किती तीव्रतेच्या लहरी लागल्या हे त्या लेखांत बहुधा मोघम सांगितलेले असे, तुलनेसाठी घेतलेले निरोगी गट अपुरे असत, आणि कामेच्छेसारख्या गोष्टीवर गोंगाट, रात्रपाळी, मद्य आणि वरिष्ठांचा जाच यांचाही परिणाम होतो याचा विचार क्वचितच दिसे. पण त्याचबरोबर हेही म्हटले पाहिजे, की कामेच्छा घटल्याच्या या तक्रारी उष्म्याच्या सिद्धांताला पेलणाऱ्या नव्हत्या. दहा-वीस मायक्रोवॉटने कोणाचेही वृषण तापत नाहीत. आणि तापले तरी, वर म्हटल्याप्रमाणे, आधी बीज जावे, इच्छा राहावी. तक्रार खरी असेल तर सिद्धांत अपुरा आणि सिद्धांत पुरा असेल तर तक्रार मनाची, अशी ही कोंडी होती. आणि ती फोडण्याऐवजी प्रत्येक पक्षाने आपापल्या सरकारला सोयीची बाजू धरली.

या कोंडीवर एक विलक्षण प्रसंग गुदरला. मॉस्कोतील चायकोव्हस्की रस्त्यावरच्या अमेरिकन वकिलातीवर समोरच्या इमारतीतून सूक्ष्मलहरींचा झोत सोडला जात असल्याचे अमेरिकन हेरखात्याच्या ध्यानात आले, आणि तो १९५३ पासून चालू असल्याचे पुढे मानले गेले. १९७५ पर्यंत त्याची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला ५ मायक्रोवॉटच्या वर नव्हती, म्हणजे रशियनांच्या स्वतःच्या मर्यादेच्या निम्मी आणि अमेरिकनांच्या मर्यादेचा दोन हजारावा भाग. वॉशिंग्टनने निषेध करावा तर आपल्याच मानकाप्रमाणे हा झोत निरुपद्रवी ठरत होता; गप्प बसावे तर रशियन शास्त्रज्ञांना जे ठाऊक आहे ते आपल्याला ठाऊक नसण्याची भीती होती. म्हणून १९६५ साली पँडोरा या गुप्त नावाने माकडांवर प्रयोग सुरू झाले. या योजनेच्या शास्त्रीय समितीपुढे माणसांवर प्रयोग करण्याची तजवीजही आली होती, आणि १९६९ च्या एका बैठकीच्या इतिवृत्तात, प्रयोगास बसणाऱ्या माणसांच्या जननग्रंथींना संरक्षण द्यावे अशी शिफारस लिहिलेली आहे. दहा मिलिवॉटपर्यंत काही धोका नाही असे जगाला सांगणाऱ्या सरकारच्याच गुप्त समितीने ही काळजी घ्यावी, यावर टीकाकारांनी पुढे बरेच लिहिले. मला तो निव्वळ वैद्यकीय सावधपणा वाटतो, परंतु ती आवई समितीच्या मेजापर्यंत पोचली होती एवढे त्यावरून दिसतेच. वकिलातीतील नोकरांना झोताची खबर अधिकृतपणे दिली गेली ती १९७६ च्या फेब्रुवारीत, खिडक्यांना धातूच्या जाळ्या बसविताना. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एब्राहम लिलिएनफेल्ड यांनी मॉस्कोतील सुमारे १,८०० आणि पूर्व युरोपातील इतर वकिलातींतील सुमारे २,५०० कर्मचाऱ्यांची तुलना करून १९७८ साली अहवाल दिला, आणि झोताने रोग वा मृत्यू वाढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. संप्रेरके त्यांच्या तपासाच्या कक्षेत नव्हती.

१९७५ साली रुमानियातून एक छोटा लेख आला. लांक्रांजान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी आठ वर्षे सूक्ष्मलहरींच्या सान्निध्यात काम केलेल्या ३१ तंत्रज्ञांची तपासणी केली होती. तीव्रता दहा-वीस ते काहीशे मायक्रोवॉटची, म्हणजे पाश्चात्त्य मर्यादेच्या पुष्कळ खाली. निम्म्याहून किती तरी अधिक लोकांत कामेच्छेची आणि शुक्राणूंची उणीव आढळली, आणि लहरींपासून तीन महिने दूर ठेवल्यावर अनेकांत सुधारणाही दिसली. मग पौरुषाचे संप्रेरक घटले होते काय? संशोधकांनी मूत्रातील १७-कीटोस्टेरॉइडे आणि पोषग्रंथीची जननप्रेरके मोजली, आणि त्यांत लक्षणीय फरक नव्हता. वरवर पाहता हा उष्म्याच्या पक्षास अनुकूल निकाल, पण तो तसा नव्हता, कारण इतक्या मंद लहरींनी उष्मा होत नाही. शिवाय मूत्रातील ती कीटोस्टेरॉइडे बहुतांशी अधिवृक्क ग्रंथींतून येतात, वृषणांतून थोडीच. त्यांवरून टेस्टोस्टेरॉनची पारख करणे म्हणजे नदीचे पाणी चाखून एका ओढ्याची चव सांगण्यापैकी होते.

खरे साधन त्या वेळी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील, योगायोगाने माजी सैनिकांसाठीच असलेल्या, रुग्णालयात तयार झालेले होते. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास किरणोत्सर्गी आयोडीन आणि प्रतिपिंड यांच्या साहाय्याने रक्तातील इन्सुलिनची अत्यल्प मात्रा मोजण्याची रीत बसविली, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत तीच रीत टेस्टोस्टेरॉनपासून पोषग्रंथीच्या ल्युटिनकारी संप्रेरकापर्यंत सर्वांस लागू झाली. १९७७ च्या नोबेल पारितोषिकात यालो यांच्या बरोबरीने ग्विलमिन आणि शॅली हे दोघे होते, ज्यांनी मेंदूतून पोषग्रंथीस, आणि पोषग्रंथीमार्फत वृषणास, हुकूम देणारा रेणू ओळखला होता. बर्सन तोपर्यंत निवर्तले होते. मेंदू, पोषग्रंथी आणि लायडिगच्या पेशी या तिन्ही ठाण्यांचा जाबजबाब आता थेंबभर रक्तातून घेता येऊ लागला.

तो घेतला गेला तेव्हा जो निकाल लागला तो आवईलाही शोभणारा नव्हता आणि तिला हसणाऱ्यांनाही. अमेरिकन सैनिकांच्या एका प्राथमिक पाहणीत रडारवाल्यांचे शुक्राणू कमी दिसले होते. १९९८ साली श्रेडर यांच्या चमूने अधिक सैनिक घेऊन, त्यांची संप्रेरकेही मोजून, तपास केला तेव्हा पहिल्या पाहणीस दुजोरा मिळाला नाही. त्याच वर्षी फ्रान्समध्ये दे सेझ यांनी वीस निरोगी पुरुषांना महिनाभर, आठवड्यातून पाच दिवस, रोज दोन तास भ्रमणध्वनीच्या, म्हणजे त्याच जातीच्या, लहरी दिल्या, आणि जननप्रेरकांत बदल झाला नाही. अवटूस चालना देणारे संप्रेरक मात्र एका तपासणीत घसरून नंतर पूर्ववत झाले. टेस्टोस्टेरॉन सकाळी अधिक आणि सायंकाळी कमी असते, म्हणून एकाच वेळच्या थेंबावर विसंबणे धोक्याचे. हे ओळखून २००८ साली फ्रेंच संशोधकांनीच वीस पुरुषांत अनेक वेळांचे नमुने घेतले आणि टेस्टोस्टेरॉनची लय अबाधित आढळली. माणसांच्या बाबतीत प्रत्यक्ष प्रयोगाचा कौल असा आहे.

उंदरांचा कौल याच्या उलट पडतो. रियाध येथे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोज तासभर असे तीन महिने भ्रमणध्वनीजवळ ठेवलेल्या उंदरांचे टेस्टोस्टेरॉन घटले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात केसरी आणि बेहारी यांनाही तसेच आढळले, आणि पेशींत साठणाऱ्या उग्र प्राणवायू-रेणूंवर त्यांनी ठपका ठेवला. असे प्रयोग अनेक आहेत, आणि उलट निकालाचेही आहेत. उंदीर लहान, त्याचा सर्व देह लहरींत बुडालेला, अरुंद पिंजऱ्यात कोंडल्याने तो भेदरलेला, आणि भीतीनेही टेस्टोस्टेरॉन घटतेच. तेव्हा हे निष्कर्ष जशाच्या तसे माणसावर लादणे न्याय्य होणार नाही. तथापि ते सर्वच रद्दीत काढणेही शास्त्रास धरून नाही. नॉर्वेच्या आरमारातील दहा हजारांहून अधिक पुरुषांच्या २००८ सालच्या पाहणीत, ज्यांनी आपण लहरींजवळ अधिक वावरलो असे सांगितले त्यांच्यात वंध्यत्वाचे प्रमाण अधिक निघाले. पण किती वावरलो हे त्यांनी स्वतःच सांगितले होते, मोजले कोणीच नव्हते. साठ-पासष्ट वर्षांनंतरही पुरावा पुन्हा खलाशांच्या सांगण्यावरच येऊन ठेपला.

श्वान यांचा १० मिलिवॉटचा आकडा १९८२ साली मागे पडला. नव्या अमेरिकन मानकाने देहाच्या दर किलोग्रॅममागे शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेचे माप घेतले, आणि त्याचा पाया फ्लॉरिडातील पेन्साकोला येथील नाविक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी उंदरांवर आणि माकडांवर केलेल्या प्रयोगांत होता. अन्नासाठी कळ दाबण्यास शिकविलेले भुकेले प्राणी, किलोग्रॅमला सुमारे ४ वॉट शोषल्यावर, कळ दाबणे सोडून देत. त्या ४ ला दहाने भागून ०.४ वॉट आणि पुढे आंतरराष्ट्रीय मंडळाने पन्नासाने भागून सामान्य जनतेसाठी ०.०८ वॉट ही मर्यादा ठरविली. त्यावरून ९०० मेगॅहर्ट्झच्या लहरींसाठी दर चौरस मीटरला ४.५ वॉट हा आकडा निघाला, आणि भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून तो दहाने भागून ०.४५ केला. मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांच्या गच्च्यांवर उभ्या असलेल्या भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांची दूरसंचार खात्याकडून मोजणी होऊ लागली ती याच भागाकाराच्या आधारे.